एक डोळा पात्याचा, एक लेझरचा

आमच्या अमळनेरकडे मोतीबिंदूच्या कोणत्याही ऑपरेशनला आता ‘लेझरचं ऑपरेशन’ असेच म्हणतात. टाके घातले नाहीत, त्याच दिवशी घरी सोडले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, की ते लेझर. मीही तीन वर्षे असेच सांगत होतो. माझ्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन जळगावला झाले, तेव्हा बोरी नदीकाठी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ‘लेझरने केले’ असे ठामपणे सांगितले होते. वास्तविक त्या दिवशी लेझरचा एक किरणही माझ्या डोळ्यात गेला नव्हता. ते फेको होते. त्यात पोलादी पात्याने बुबुळाच्या कडेला अडीच-पावणेतीन मिलीमीटरची चीर घेतात, तिच्यातून एक पोकळ सुई आत घालतात, ती सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि मोतीबिंदूचा चुरा करून तो ओढून घेते. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली ही रीत प्रथम माणसाच्या डोळ्यावर वापरली आणि तिची कल्पना त्यांना दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करणाऱ्या थरथरत्या हत्यारावरून सुचली. म्हणजे आवाजाच्या लहरींचे काम आम्ही प्रकाशाच्या नावावर खपवत होतो. खरा लेझर माझ्या वाट्याला आला तो डाव्या डोळ्याच्या वेळी, गेल्या फेब्रुवारीत, आणि त्याने नेमके काय केले व काय केले नाही, ते लिहून ठेवावे असे वाटले.

मी आयटीआयमध्ये चौतीस वर्षे फिटर ट्रेड शिकवला. कापणे, घासणे, भोक पाडणे आणि कापलेली कड बोटाने तपासणे यातच माझे आयुष्य गेले. त्यामुळे डोळ्याच्या ऑपरेशनात इतरांना भीती वाटते ती मला फारशी वाटली नाही, मात्र कुतूहल जरुरीपेक्षा जास्त होते, आणि त्याचा डॉक्टरांना बराच त्रास झाला असावा.

कुतूहलाला घरचेही एक कारण होते. वडिलांचे ऑपरेशन १९७८ साली एका नेत्रशिबिरात, शाळेच्या खोलीत झाले. मोतीबिंदू त्या वेळी आख्खाच बाहेर काढत, म्हणून चीरही बुबुळाच्या जवळजवळ अर्ध्या परिघाएवढी, दहा-बारा मिलीमीटरची असे, आणि वरून टाके पडत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना कित्येक दिवस उताणे झोपवलेले मला आठवते. आत लेन्स बसवलेली नव्हती, त्यामुळे पुढे आयुष्यभर त्यांच्या नाकावर दहा नंबरच्या भिंगाचा जड चष्मा राहिला. तो काढला की ते चाचपडत भिंतीला हात लावून चालत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात तर लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ सालीच केली होती. पण लंडनहून आमच्या तालुक्याच्या शिबिरापर्यंत ती गोष्ट यायला फार वर्षे गेली. वडिलांच्या डोळ्यावर बारा मिलीमीटर, माझ्या उजव्या डोळ्यावर पावणेतीन. फरक एवढा मोठा असल्याने, चीर अजून चांगली घेता येते असे कुणी म्हटले की माझे कान टवकारतात.

उजवा डोळा उत्तम झाला होता, पण त्यात एक नंबरचा सिलिंडर, म्हणजे वाकडेपणाचा चष्म्याचा नंबर, उरला. बुबुळाचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, हा चेंडूसारखा सारखा गोल नसून अंड्यासारखा एका दिशेला जास्त वाकलेला असेल, तर प्रकाश एका बिंदूत जमत नाही. मोतीबिंदू काढून नवी लेन्स बसवली तरी कॉर्नियाचा तो वाकडेपणा तसाच राहतो. एसटी स्टँडवर लांबून गाडीची पाटी वाचताना ‘धुळे’ आणि ‘चोपडा’ ही अक्षरे मला एकमेकांवर सावली पडल्यासारखी दिसत आणि चष्मा लावावाच लागे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत आला, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की या डोळ्यातही तेवढाच वाकडेपणा आहे, आणि तो दूर करायचा तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे टोरिक लेन्स, जी स्वतःच वाकडेपणाच्या उलट घडवलेली असते. दुसरा म्हणजे कॉर्नियावर दोन धनुष्याकृती चिरा देऊन तिचा ताणलेला भाग सैल करणे. या चिरा हाताने देता येतात, पण लेझरने त्यांची खोली व लांबी जास्त नेमकी साधते, आणि लेझरचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते. मुलगा नाशिकला नोकरीला असल्याने तिकडे जाणे ओघानेच आले. अमळनेरहून धुळे, पुढे मालेगाव आणि नाशिक, असा तो प्रवास एका डोळ्याने, हिवाळ्याच्या धुक्यात आणि त्याहून दाट अशा माझ्या स्वतःच्या धुक्यात झाला.

नाशिकच्या रुग्णालयात तपासण्या दोन तास चालल्या. डोळ्याची लांबी मोजली, कॉर्नियाची वक्रता मोजली, तिचा रंगीत नकाशा काढला, अश्रुनलिकेत पाणी सोडून ती मोकळी आहे ना ते पाहिले, बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासला, आणि बीपी, साखर, ईसीजी यांचे कागद जुळवले. त्यानंतर मला ‘कौन्सेलर’ म्हणवणाऱ्या एका तरुण मुलाकडे बसवण्यात आले. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचे पत्रक होते आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘ब्लेडलेस’ असे लिहिले होते. साध्या फेकोपेक्षा लेझरचे तीस हजार रुपये जास्त लागतील, मात्र डोळ्याला पाते लागणारच नाही, असे त्याने मला अगदी छातीठोकपणे सांगितले. मी त्याला विचारले की पाते लागणार नाही तर मग चीर कोण उघडणार. तो गोंधळला. ‘सर, ते सगळं कॉम्प्युटर करतो,’ असे म्हणून त्याने पत्रक माझ्यापुढे सरकवले.

ज्या डॉक्टर बाई ऑपरेशन करणार होत्या त्या पुष्कळ जास्त प्रामाणिक निघाल्या. त्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, माझा डोळा बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘काका, तुमच्या बुबुळाच्या कडेला पांढुरकी कडी आहे, हे कुणी सांगितलं होतं का?’ आरशात मला ती दिसत होती, पण वयाची खूण म्हणून मी कधी मनावर घेतली नव्हती. ती वयाचीच खूण असते. कॉर्नियाच्या कडेत चरबीचे कण साठून ती कडी तयार होते आणि दृष्टीला तिचा काही त्रास नसतो. त्रास असतो तो लेझरला. लेझरला काचेसारखी स्वच्छ वाट लागते. कडीच्या धुरकट जागेत प्रकाश विखुरतो, ठरलेल्या खोलीवर पुरेशी शक्ती पोहोचत नाही, आणि चीर अर्धवट राहते. आता मुख्य चीर तर नेमकी याच कडेला घ्यायची असते. कडी टाळण्यासाठी ती आत, मध्याच्या दिशेला सरकवावी, तर त्या चिरेमुळेच कॉर्निया नव्याने वाकडी होते. म्हणजे एक वाकडेपणा काढण्यासाठी पैसे भरायचे आणि दुसरा पदरात घ्यायचा.

‘मग लेझर कशासाठी करायचा, मॅडम?’ असे मी विचारले.

‘तुमच्या दोन धनुष्याकृती चिरांसाठी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या कडीच्या आत, स्वच्छ भागात येतात. मुख्य चीर मी लेझरने घेऊन बघेन. नाही उघडली तर केराटोम, म्हणजे चीर घेण्याचं पातं, हाताशी असेल. ट्रेमध्ये तो नेहमीच असतो, पत्रकात काहीही छापलेलं असो.’

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली. ब्रिटनमधील ७८५ रुग्णांची आणि फ्रान्समधील पाच विद्यापीठ-रुग्णालयांतील, अशा दोन मोठ्या तुलना २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाल्या, आणि अंतिम नजरेच्या बाबतीत लेझर हा चांगल्या हाताच्या फेकोपेक्षा सरस ठरला नाही. खर्चाच्या मानाने तर तो परवडणाराही ठरला नाही. ‘म्हणून तुम्हाला घाई नाही. एका नंबरासाठी टोरिक लेन्सही चालेल. विचार करून सांगा.’ मी विचार केला आणि लेझर निवडला. त्यामागे वैद्यकीय कारण थोडे होते आणि चौतीस वर्षे हॅकसॉ हातात धरलेल्या माणसाची हाव जास्त होती, हे मी कबूल करतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून दोन प्रकारचे थेंब सुरू झाले. एक जंतुनाशक, आणि दुसरा सूज रोखणारा. दुसऱ्याचे कारण मला नंतर कळले. लेझर पडला की डोळ्याच्या आत काही द्रव्ये सुटतात आणि औषधाने मोठी केलेली बाहुली आकसू लागते. फेकोसाठी ती मोठी हवी असते, म्हणून आकसणे आधीच रोखून ठेवायचे.

सकाळी पहिले काम झाले ते मार्किंगचे. बाईंनी मला स्टुलावर ताठ बसवले, समोरच्या एका ठिपक्याकडे बघायला लावले आणि भुलीचे थेंब टाकून निमुळत्या पेनाने बुबुळाच्या कडेला दोन बाजूंना शाईचे ठिपके दिले. हे झोपवून का करत नाहीत, असे मी विचारलेच. माणूस आडवा झाला की डोळा आपल्या खोबणीत काही अंशांनी फिरतो. बसलेल्या डोळ्याची वरची बाजू झोपलेल्या डोळ्याची वरची बाजू राहत नाही. वाकडेपणाचा अक्ष मोजलेला असतो बसून, चिरा द्यायच्या असतात झोपवून, आणि अक्ष चुकला की चिरेचा परिणाम घटत जातो. जॉबवर, म्हणजे कामाच्या तुकड्यावर, स्क्राइबरने रेघ मारताना तो व्ही-ब्लॉकवर नीट टेकला आहे ना, हे मी किती पोरांना ओरडून सांगितले असेल. पेनाचा तो थंड स्पर्श झाला तेव्हा प्रथमच मला या माणसांच्या कामाविषयी बिरादरीची भावना वाटली.

लेझरची खोली वेगळी होती, आणि चांगलीच गार. मला सरकत्या पलंगावर झोपवले, डोके एका खोलगट उशीत बसवले, उजव्या डोळ्यावर झाकण ठेवले. भुलीचे थेंब पुन्हा पडले; इंजेक्शन नव्हते. पापण्या चाप लावून उघड्या ठेवल्या. मग बाईंनी एक छोटे कडे माझ्या डोळ्यावर टेकवले आणि पंप सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. त्या कड्याने डोळा धरून ठेवला. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण तो अनुभव मला नीट सांगता येईल की नाही, कोणास ठाऊक. दुखत नाही. कोणीतरी अंगठ्याने डोळा खोबणीत दाबून धरावा आणि तो अंगठा सोडूच नये, तसे वाटते; आणि त्याच क्षणी दिसणे करडे होत जाते, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी घरात असते तसे. कड्यात खारट पाणी भरले, ते गालाकडे ओघळेल असे वाटले पण ओघळले नाही. पलंग यंत्राखाली सरकला. वरून एक गोल भिंग उतरत आले, पाण्याला टेकले आणि एक हलका धक्का बसला. ‘डॉकिंग झालं. आता काका, बोलायचं नाही, खोकायचं नाही, श्वास चालू ठेवायचा.’

इथे दीड-दोन मिनिटे शांतता होती. यंत्र त्या वेळात डोळ्याचा आडवा छेद पडद्यावर काढत होते. कॉर्नियाची पुढची बाजू, मागची बाजू, बाहुली, भिंगाची पिशवी, पिशवीची मागची भिंत, सगळे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात, मोजून. चिरांच्या रेषा त्या चित्रावर आधी आखल्या जातात आणि बाई त्या बोटाने सरकवून पक्क्या करतात. मग पायाखालचे पॅडल. मला दिसत होता तो यंत्राच्या दिव्यांचा फिकट गोल. लेझर स्वतः अवरक्त असल्याने तो दिसत नाही. खाली कुठेतरी टिकटिक चालू होती आणि सहायक मुलगी सेकंद मोजत होती. मला वाटते, एक मिनिट पुरते भरले नसावे. ‘झालं,’ असा आवाज आला, पंप बंद झाला, अंगठा उचलला गेला आणि उजेड परत आला.

नंतर मला व्हीलचेअरवरून पलीकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेले ते जवळजवळ पळवतच, बाहुली आकसण्याच्या आत. तिथे काय झाले, ते त्या वेळी मला दिव्याच्या झगमगाटापलीकडे दिसले नाही. पण दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर बाईंनी मायक्रोस्कोपखालचे चित्रण मला त्यांच्या संगणकावर दाखवले, आणि मी ते दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहण्याची परवानगी मागताना थोडा संकोच वाटला खरा.

माझी समजूत अशी होती की लेझर म्हणजे अतिशय पातळ, अतिशय धारदार पाते, ज्योतीच्या वा तापलेल्या तारेच्या जातीचे. चित्रणात दिसले ते वेगळेच. लेझर कापत नाही. तो भोके पाडतो. हा फेमटोसेकंद लेझर आहे, म्हणजे त्याचा एकेक ठोका सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांपैकी काहीशे भाग टिकतो. इतक्या थोड्या वेळात सगळी शक्ती एका बिंदूत कोंबली की त्या बिंदूतील ऊती क्षणात फुटते, तिथे सूक्ष्म बुडबुडा तयार होतो, आणि शेजारच्या ऊतीला उष्णता पोहोचायला वेळच मिळत नाही. इतके छोटे आणि इतके जोरदार ठोके निर्माण करण्याची युक्ती जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली शोधली, आणि तिच्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. मोतीबिंदूसाठी असा लेझर प्रथम २००८ साली बुडापेस्टला झोल्टान नॉज यांनी वापरला. एका बुडबुड्याशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा, अशी हजारो बुडबुड्यांची चादर म्हणजे चीर.

फिटर ट्रेडमध्ये याला चेन ड्रिलिंग म्हणतात. जाड पत्र्यातून आकार काढायचा असेल तर रेषेवर सेंटर पंचाने ठिपके देऊन एकाला एक लागून भोके पाडायची, मग मधल्या बारीक भिंती छिन्नीने तोडायच्या आणि तुकडा वेगळा करायचा. पोरांना मी नेहमी सांगायचो की भोके कितीही जवळ घ्या, भिंत उरतेच. डोळ्यातही उरते. बुडबुड्यांच्या मध्ये ऊतीचे अतिसूक्ष्म पूल शिल्लक राहतात, आणि थिएटरमध्ये बाईंनी हातात घेतलेले पहिले हत्यार म्हणजे एक बोथट, चपटे स्पॅच्युला होते, आमच्या छिन्नीचे डोळ्यातले भावंड. कौन्सेलर मुलाला मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. उघडतो तो हात.

क्रमही मला फार आवडला. लेझर आधी आतले, भिंगाचे काम करतो आणि मग वर कॉर्नियाकडे येतो: प्रथम भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या पदराला सुमारे पाच मिलीमीटरचे गोल भोक, मग मोतीबिंदूचे तुकडे, आणि कॉर्नियावरच्या चिरा सर्वांत शेवटी. शिवाय एकेका चिरेतही तो खालून वर येतो. उलटे केले तर वरच्या बुडबुड्यांचा थर खालच्या कामाला जाणारा प्रकाश अडवील. आम्ही जॉबवर कीस साचू नये म्हणून जी काळजी घेतो, तीच इथे प्रकाशासाठी घेतलेली आहे.

बाजूची छोटी चीर, जिच्यातून दुसरे हत्यार आत जाते, ती स्पॅच्युलाच्या पहिल्याच हलक्या दाबाला उघडली. तेथे कडी जरा विरळ होती. त्यानंतर मुख्य चीर. तिची रुंदी २.४ मिलीमीटर, आणि ती सरळ भोसकलेली नसते; कॉर्नियाच्या जाडीतून ती पायरीसारखी जाते, थोडी खाली, मग आडवी, मग पुन्हा खाली, म्हणजे आतल्या दाबानेच तिचे ओठ एकमेकांवर मिटून बसतात आणि टाका लागत नाही. चित्रणात स्पॅच्युलाचे टोक बाहेरच्या ओठात शिरते, कॉर्निया किंचित आत दबते आणि टोक थांबते. बाई ते काढून एका बाजूने पुन्हा घालतात, पुन्हा थांबते. नेमके पांढुरक्या कडीखाली. तिथे लेझरची भोके आरपार गेलीच नव्हती. ड्रिल गंजलेल्या जागेत बसावे तसे झाले होते. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला नाही. चित्रणात कडेने एक हातमोजा आत येतो आणि न मागता त्यांच्या बोटांत केराटोम ठेवतो. टोकदार, बाणाच्या फाळासारखे ते पाते कडीतून एका हालचालीत आत जाते. पुढचे सगळे उजव्या डोळ्यासारखेच: फेकोची सुई, आधीच तुकडे झालेला मोतीबिंदू, घडी घालून आत सोडलेली व आत जाऊन उमललेली लेन्स, आणि शेवटी चिरेच्या भिंतींत बारीक सुईने खारट पाणी भरून त्या फुगवणे, म्हणजे दार आतून फुगून घट्ट बसते. बाईंनी छोट्या स्पंजाने चिरेची कड टिपून पाहिली. कोरडी होती.

धनुष्याकृती चिरांची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथे. या चिरा आरपार नसतात. माझ्या डोळ्यात त्या वर आणि खाली, ९ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर, कडीच्या आत दिल्या गेल्या, आणि त्यांची खोली त्या त्या जागच्या जाडीच्या ८० टक्के धरली होती. माझी कॉर्निया तिथे ६४० मायक्रॉन जाड भरली, म्हणजे चीर ५१२ मायक्रॉनांवर थांबली पाहिजे. आमच्या वर्कशॉपमधील मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारे सर्वांत छोटे माप, ०.०१ मिलीमीटर, म्हणजे १० मायक्रॉन, आणि तो वापरताना पोरांचे हात थरथरत. इथे जिवंत, ओल्या, श्वासागणिक हलणाऱ्या वस्तूत अर्ध्या मिलीमीटरवर थांबायचे. बाईंनी दोन्ही चिरा त्या दिवशी उघडल्याही नाहीत. न उघडताही त्या थोडा परिणाम करतात. कमी पडला तर पुढे कधी स्लिट लॅम्पवर बसवून स्पॅच्युलाने उघडता येतात. काम करून ठेवायचे आणि त्याचा शेवटचा घास नंतर, मोजून घ्यायचा, ही सोय हाताने दिलेल्या चिरेत नाही.

घरी आलो तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग घेऊन. डोळा धरणाऱ्या कड्याच्या ओढीने वरच्या पातळ पदराखालच्या बारीक शिरा फुटतात आणि रक्त पसरते; ते आपोआप जिरते, नजरेशी त्याचा संबंध नसतो, हे मला सांगितलेले होते. दूधवाल्याला सांगितलेले नव्हते. ‘नाना, तुमना डोयाले काय व्हयनं?’ असे म्हणून त्याने कॅन खालीच ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत नाशिकला ऑपरेशन बिघडल्याची बातमी पसरली. उजव्या डोळ्याला, नुसत्या पात्याच्या वेळी, असा डाग पडला नव्हता. पंधरा दिवसांत तो पिवळा पडून गेला, पण तोवर मी लेझरची पुष्कळ बदनामी ऐकली.

बाकीचे पथ्य नेहमीचेच. जंतुनाशक थेंब, सूज कमी करणारे थेंब दर आठवड्याला एकेक कमी करत, डोक्यावरून पाणी नाही, रात्री झोपताना प्लॅस्टिकचे झाकण. अवघड गेले ते एकच. भरताचा हंगाम सरत आला होता, आणि मेव्हण्याच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचा बेत माझ्या ऑपरेशनच्या आधीच ठरला होता. धूर चालणार नव्हता. सगळे शेतात गेले आणि मी घरी झाकण लावून बसलो. संध्याकाळी डब्यातून भरीत आणि कळण्याची भाकरी आली, पण थंड.

महिन्याने जळगावलाच तपासणी केली. डाव्या डोळ्याचा सिलिंडर एकवरून पाववर आला होता, चिरा उघडण्याची गरज पडली नाही. एसटी स्टँडवर ‘चोपडा’ आता डाव्या डोळ्याने चष्म्याशिवाय वाचता येते, उजव्याने अजून सावली पडते. नुसत्या मोतीबिंदूचा हिशोब केला तर दोन डोळ्यांत मला फरक सांगता येत नाही. रंग, उजेड, रात्रीचे दिवे, सगळे सारखे. विमा कंपनीने फेकोचे आणि लेन्सचे पैसे दिले, लेझरचे तीस हजार नाकारले. आणि ‘ब्लेडलेस’ पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी चिरेच्या पायऱ्यांची आकृती काढून ठेवली आहे, ती आल्या-गेल्याला दाखवतो. सौ. मात्र एकच वाक्य ऐकवते: ‘अहो, लेझर लेझर करत नाशिकपर्यंत गेलात, आणि शेवटी बाईंनी चाकूच घेतला ना?’

आता तिच्या डोळ्यांची पाळी आहे. जळगावला तपासायला नेले तेव्हा मी डॉक्टरांना पहिलाच प्रश्न कडीचा विचारला. तिच्या बुबुळाला कडी अजिबात नाही, कड काचेसारखी स्वच्छ आहे. पण बारा वर्षांच्या मधुमेहामुळे तिची बाहुली तीनदा औषध टाकूनही चार मिलीमीटरच्या पुढे उघडली नाही, आणि पाच मिलीमीटरचे गोल भोक पाडणाऱ्या लेझरला तेवढी वाट पुरत नाही. सिलिंडरही तिला नाही. फेको ठरले आहे, येत्या मंगळवारी, जळगावला, पात्याने.